डावी बाजू आमची

मी संशयी आहे असं माझ्या सासरचे सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण संशय काय आकाशातून पडतो? माझ्या वडिलांची आणि काकांची वाटणी झाली, तेव्हा काकांनी गोड बोलून विहिरीकडचा तुकडा घेतला आणि आमच्या पदरात बरड टाकलं. त्यानंतर आई जन्मभर प्रत्येक गोष्ट दोनदा बघून घ्यायची, भाजीच्या पाटीपासून जावयापर्यंत. मी तिचीच मुलगी.

केळीच्या पट्ट्यात, रावेरकडे वाढलेली मी लग्न होऊन धुळ्याकडे आले, सोनगीरजवळच्या एका खेड्यात. भाषा दोन्हीकडे मराठीच म्हणायची, पण सासरची अहिराणी पहिलं वर्षभर माझ्या डोक्यावरून जायची. ओसरीवर चार बायका हसल्या की मला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. पुढे अहिराणी कळायला लागली तेव्हा लक्षात आलं की त्या खरंच मलाच हसत होत्या. "हाई नवी नवरी बठ्ठं दखी राहिनी," असं शेजारीण माझ्यासमोर म्हणाली होती. नवी नवरी सगळं बघत होती, हे खरंच होतं.

घरात आम्ही पाच माणसं. सासरे, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणत असे. आणि आम्ही दोघं. चूल एक होती. आणि दोघा भावांची मिळून एक जुनी अँबॅसिडर होती. लग्नाच्या भाड्यांना, धुळ्याच्या दवाखान्यात पेशंट न्यायला, नरडाण्याच्या स्टेशनावर उतरलेली पाहुणेमंडळी गावोगाव सोडायला ती फिरायची. भासरे गाडी चालवत, आमचे हे भाडी ठरवत. लग्नसराईत शोभा दिसावी म्हणून भासऱ्यांनी तिच्या चाकांच्या चकचकीत टोप्यांना हाताने पिवळा पट्टा मारला होता.

ऐंशीचं दशक सरता सरता एका दुपारी, समोर आलेली बैलगाडी चुकवताना, ती गाडी रस्त्याकडेच्या निंबावर गेली. भासऱ्यांचा ओठ फुटला, एवढंच. पण गाडीचा सांगाडा वाकला. धुळ्याचा गॅरेजवाला म्हणाला, हिच्यावर आता खर्च करू नका, खोला आणि सुटे भाग विका. रस्त्यावरच्या निम्म्या टॅक्स्या ह्याच गाडीच्या आहेत, हातोहात जातील.

आता विकणार कोण? भासरे. भाव सांगणार कोण? भासरे. आपल्या हातात पडणार काय? ते देतील ते. मी हे सगळं ह्यांना भाकरी वाढता वाढता ऐकवलं. हे म्हणाले, "दादा तसा नाही." माझे वडीलही काकांबद्दल असंच म्हणायचे. मी म्हटलं, "विकून पैसे वाटू नका. गाडीच वाटा. ज्याचा भाग त्याने विकावा."

मला वाटलं होतं की आबा चिडतील. पण आयुष्यभर वावरांच्या वाटण्या बघितलेला माणूस तो. त्यांना ही गोष्ट एकदम पटली. "वावर वाटतस तशी गाडी वाटूत," ते म्हणाले, "त्याम्हा काय शे?"

आमच्याकडे शेत वाटायची एक रीत आहे. एकाला सगळं चांगलं आणि दुसऱ्याला सगळं वाईट असं कधी देत नाहीत. काळ्या जमिनीचे दोन तुकडे, मुरमाडाचे दोन तुकडे, बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा दोन. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करायची सोय उरत नाही. तर त्या रीतीने आमच्या अंगणात एक मोटारगाडी वाटली गेली. भासऱ्यांनी खडूने टपावर मधोमध रेघ ओढली. उजवी बाजू एक वाटा, डावी बाजू एक वाटा. उजवीकडे स्टिअरिंग आलं म्हणून डावीकडे बॅटरी आणि रेडिएटर. पुढची सीट उजवीकडे, मागची डावीकडे. दिवा एकेक. मागच्या चाकांवरचा स्प्रिंगचा पाटा एकेक. चाकं दोन-दोन.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. रेघ ओढताना भासऱ्यांची नजर दोनदा उजवीकडे गेली. म्हणजे ह्यांनी उजवी घ्यावी असं त्यांना वाटत होतं, म्हणजे चांगला माल डावीकडे होता. मी ह्यांना डाव्या हाताने खूण केली. हे म्हणाले, "डावी बाजू आमची."

इंजिन राहिलं. ते कसं वाटणार? आबा म्हणाले, "इंजिन म्हंजे हीर. हीर कोनी वाटस का?" विहीर सामाईक राहते, दोघांच्या पाळ्या लागतात, आणि एकट्याला ती विकता येत नाही. तसं इंजिन ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली सामाईक राहिलं. दोघांचा होकार असेल तेव्हाच ते विकायचं.

चार-आठ दिवसांत आमचं शहाणपण आमच्या अंगाशी आलं. गाडी काही वावर नव्हे. दोंडाईच्याचा एक टॅक्सीवाला पाट्यांची जोडी मागायला आला. मी म्हटलं, एक इथं मिळेल, एक त्या दारात विचारा. त्याने माझ्याकडे बघितलं, अक्काच्या दाराकडे बघितलं. "एकाच गाडीचे दोन पाटे दोन घरांत?" तो म्हणाला. "गाडी तुमचीच होती ना, बाई?" आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. गावात कुणकुण पसरली की ह्या घरात चोरीच्या गाड्या कापतात. एके दिवशी एक हवालदार येऊन आमच्या मागच्या सीटवर बसला. ती सीट आम्ही ओसरीवर मांडली होती आणि पाहुण्यांना ती फार आवडायची. आबांनी कागद दाखवले, हवालदाराने कागदांपेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त वेळ पाहिलं. माझा चेहराच तसा आहे, मी काय करू?

तेव्हाच मी ह्यांना सांगून टाकलं की मला आता वेगळं राहायचंय. रोज उठून ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच चुलीवर भाकरी टाकायची, हे मला जमत नव्हतं. हे दोन दिवसांनी म्हणाले, "इंजिन तेवढं विकलं जाऊ दे. शेवटची सामाईक वस्तू आहे. ते गेलं की चूल वेगळी करू." मी ते आबांसमोर वदवून घेतलं, भासऱ्यांच्या कानावर घातलं, म्हणजे मागाहून कुणी फिरायला नको. आता माझं सगळं लक्ष त्या गोणपाटाखालच्या इंजिनावर लागलं. ते गेलं की मी सुटले.

तोवर आमचा माल मी मागच्या कोठीत टाकला, नवं कुलूप आणलं आणि किल्ली माझ्या कमरेला लावली. चाकांच्या आमच्या वाट्याच्या दोन टोप्या तेवढ्या माझ्या फळीवर मांडल्या. त्यांत तोंड दिसायचं. गिऱ्हाईक लागलं की हे किल्ली मागायला येत. "शिरपूरला एकाला दिवा हवाय." मी कुलूप काढून दिवा देई, हे मोटारसायकलवर तो घेऊन जात आणि आल्यावर पैसे माझ्या हातात ठेवत. म्हणजे एकेकटे भाग खपत होते. बरं वाटलं.

पण माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. आमचा दिवा गेला त्याच आठवड्यात भासऱ्यांच्या खोलीतला दिवा दिसेनासा झाला. आमचा पाटा गेला, त्यांचाही पाटा गेला. प्रत्येक वेळी. पाणी कुठंतरी मुरत होतं. मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. भासरे ह्यांच्या मागावर राहून आमचं गिऱ्हाईक गाठत होते आणि आपला नग जास्त भावाने त्याच्या गळ्यात मारत होते.

त्या काळी आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. मला काही सांगायचं असलं की मी ते अक्काला सांगायची, ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. भासरे त्याचं उत्तर खोकून द्यायचे. मी अक्काला म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायची सवय असते, नाही का, अक्का?" अक्का पीठ मळत राहिली. बाई साधी, तोंडात शब्द नाही. मला तिची साळसूद माणसांची वाटते तशी भीतीच वाटायची. भासरे खोकले.

संध्याकाळी मी ह्यांना पेटवलं. हे अंगणात जाऊन उभे राहिले. मग भासरे ओरडले, "मना गिऱ्हाईक तू कसाले पळावस?" आणि हे ओरडले, "तुना गिऱ्हाईक? नाव लिखेल शे का त्यानावर?" शेजारची माणसं भिंतीवरून बघायला लागली. मी पदर तोंडाला लावून दारात उभी. वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं, कारण ह्यांना अखेर कंठ फुटला होता. त्यानंतर दर भाग गेला की एक भांडण व्हायचं. ही नेहमीची गोष्ट होऊन बसली. आबा मात्र तेवढ्या वेळात तंबाखू मळत शांत बसत. मला वाटे, म्हातारा थकला.

इंजिन काही जाईना. विचारायला माणसं यायची, गोणपाट उचलून बघायची, भाव बोलायची. ह्यांना भाव पटला की भासरे अडायचे. भासऱ्यांना पटला की हे अडायचे. एकदा तर शिरपूरहून आलेल्या माणसाने चांगला भाव सांगितला, मी दाराआडून ऐकत होते, तर हे म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात." मी ह्यांना विचारलं, "तुम्ही का नाही म्हणालात?" तर म्हणाले, "दादाच्या मनात काहीतरी आहे, मला त्याचा अंदाज घेऊ दे." मला ते पटलं. माझ्या मनातलंच होतं ते.

पुढच्या उन्हाळ्यात भाच्याच्या जावळासाठी मी माहेरी निघाले. जाताना फळीवरच्या दोन्ही टोप्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातल्या. जळगावला बस बदलायची होती, आणि तिथं जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत असं मी ऐकून होते. धुळ्याच्या बाजारात सगळे ओळखीचे. जळगावात मला कोण ओळखणार? खरा भाव काय चाललाय, हे आपणच काढावं, म्हणजे भासऱ्यांनी किती हातोहात फसवलं ते कळेल.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ होता. छताला रबरी नळ्या लोंबत होत्या, जमिनीवर चालायला जागा नव्हती आणि तेलाच्या वासाने डोकं उठत होतं. दुकानदार जाडा, कानात अत्तराचा फाया घातलेला. मी पिशवीतून टोप्या काढल्या. त्याने एक हातात घेतली, पिवळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी माझ्या सासरी इतकी वर्षं लोकांकडे कसं बघत असेन ते मला कळलं.

"ह्या तुमच्याकडे कशा आल्या, बाई?"

"कशा म्हणजे? आमच्या आहेत."

तो मागे गेला आणि खोक्यातून दोन टोप्या घेऊन आला. तसाच पिवळा पट्टा, तोच ब्रशाचा थरकाप. "ह्या आमच्याकडे आधीपासून आहेत. ज्यांनी दिल्या ते म्हणाले, उरलेल्या दोनही आणून देतो, मग चारी मिळून एकदम विका. म्हणून मी विकल्या नाहीत. दोन भाऊ आहेत, तिकडे सोनगीरकडचे. आता तुम्ही ह्या घेऊन येता. मला पोलिसांची भानगड नको."

दोन भाऊ म्हणजे कोण ते मला कळलं, पण डोकं चालू राहिलं. मी म्हटलं, "मी त्यांची शेजारीण. मलाच द्यायला सांगितल्या."

एवढ्यावर तो सैलावला. स्टूल पुढे केलं आणि आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "अशी भावंडं आजकाल बघायला मिळत नाहीत, बाई. एकाच मोटारसायकलवर येतात. दिवे दिले, पाटे दिले, सगळं जोडीने. आलेले पैसे इथंच, ह्या फळीवर वाटून घेतात, थोरला म्हणतो तू घे, धाकटा म्हणतो तू घे. बरोबर आणलेला डबा इथंच बसून खातात."

"मग घरी वेगळे का दाखवतात?" मी विचारलं.

तो हसला. "धाकट्याची बायको फार संशयी आहे म्हणे. तिला कळलं तर ती म्हणेल ह्यातही काही डाव आहे. म्हणून धाकटा घरून एकटा निघतो, थोरला पायी फाट्यावर येऊन उभा राहतो. घरी गेल्यावर जरा भांडून दाखवतात, म्हणजे बाईला बरं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "इंजिन मात्र देत नाहीत. कितीदा मागितलं मी. थोरला म्हणतो, इंजिन गेलं की घर गेलं. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तुम्ही हे तिकडे बोलू नका बरं का, बाई. उगाच त्या बाईच्या कानावर जायचं."

मी टोप्या तिथंच ठेवल्या. भाव विचारला नाही.

जावळ कसं झालं ते मला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून नुसती संतापत होते. अजूनही मी म्हणते, माझा संशय काही खोटा नव्हता. माझ्या पाठीमागे काहीतरी चाललं होतं, आणि ते मी अचूक हेरलं होतं. गिऱ्हाईक एक होतं, व्यवहार लपवला जात होता, इंजिन मुद्दाम अडवलं जात होतं. सगळं बरोबर निघालं. फक्त ज्याच्यापासून मी ह्यांना वाचवत होते तो चोर घरात नव्हता. घर माझ्यापासून वाचवणं चाललं होतं. आणि ह्याचा मला जितका राग आला तितका काकांचाही कधी आला नव्हता.

घरी पोचले तेव्हा जेवणं चालली होती. दोघे भाऊ स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. माझ्यासाठी केलेली ती बैठक होती, मला आता दिसत होतं. मी पिशवी ठेवली आणि भिंतीकडे न बघता, अक्काकडे न बघता, सरळ भासऱ्यांकडे बघून म्हटलं, "जळगावच्या दुकानदाराने चारी टोप्या ठेवून घेतल्यात. नमस्कार सांगितलाय."

ह्यांचा हात ताटात थांबला. आबांनी दारातून आत डोकावलं आणि पुन्हा बाहेर गेले. मी वाट बघत होते की हे काही बोलतील, सारवासारव करतील, मी तयार होते. पण बोलले भासरे. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलत होते. मान खालीच होती त्यांची.

"बाई," ते म्हणाले, "तुमनासंगे माले भांडता येत नव्हतं. म्हनीसन आम्ही दोन्ही भाऊ एकमेकसंगे भांडनूत. इंजिन उद्या इकी टाकूत. तुम्ही म्हना तसं."

मला तेच तर हवं होतं. एक हो म्हटलं असतं की चूल वेगळी, घर वेगळं, कुणावर नजर ठेवायची गरज नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. मला त्या वेळी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती इंजिनाची नव्हती. मी अक्काकडे वळले. दिवसभर एका चुलीपाशी मी तिच्याबरोबर बसले होते. तिच्याजवळ मी ह्यांच्या तक्रारी केल्या होत्या, माहेरचं रडले होते, तिच्याच नवऱ्याला तिच्यासमोर चोर म्हटलं होतं.

"अक्का," मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. घाई नाही, घाबरणं नाही. "दोन्हीस्ना डबा मीच बांधी देऊ," ती म्हणाली. "एकच डबा."

मग तिने ती भाकरी माझ्या ताटात टाकली, वर ठेचा ठेवला आणि पाट माझ्याकडे सरकवला.

"गरम शे. खाई ले."

मी बसले आणि खाल्ली. मला भूक लागली होती आणि रडू येत होतं, आणि दोन्ही मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.